चार नंबरची राखाडी

१२ मार्च

डावा अंगठा जहाजाला चिकटला आहे, त्यामुळे कागद दाबून धरायला हात उरलेला नाही. ओळी उतरत गेल्या तर समजून घे. तुझी ताई शेजारणीकडे नेलपॉलिश काढायचं पाणी मागायला गेली आहे. ती येईपर्यंत मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तुला लिहितो. गैरसमज नको, कप्तान. मोकळा असतो तर लिहिलं नसतं.

कामाचं तेवढं बोलतो. आपल्या छोट्या लढाऊ जहाजाचं धड, तोफांसकट, माझ्याकडे आहे. वरचा सगळा डोलारा, म्हणजे दोन्ही धुराडी, डोलकाठी, सुकाणूची खोली आणि शिड्या, तू बुटांच्या खोक्यात घालून मुलीकडे घेऊन गेलास. भांडून जाणारी माणसं कपडे नेतात. डोलारा परत पाठव. त्याच्याशिवाय हे जहाज दिसत नाही, उलटी ठेवलेली इस्त्री दिसते.

चूक कोणाची ते उगाळत नाही. फक्त नोंद असावी म्हणून: रंगाचा डबा माझा होता. ती राखाडी मी कितीतरी रविवार खपून जुळवली होती, आणि मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तू तिच्यात पांढरा ओतलास. का, तर म्हणे जहाज साडेतीनशेपट लहान केलं की ते लांबून पाहिल्यासारखंच असतं, लांबची वस्तू फिकी दिसते, तेव्हा रंगही त्या प्रमाणात फिका हवा. तू जन्मभर नकाशे काढलेस. तुला सगळं प्रमाणात लागतं. मी जन्मभर कवळ्या केल्या. लहान तोंडाच्या माणसाला मी जास्त पांढरे दात बसवत नाही. दात आपल्या रंगाचा, जहाज आपल्या रंगाचं. मी एवढंच म्हणालो होतो. 'नकाशातल्या नदीत जाऊन बूड' हे मी नंतर म्हणालो, आणि तेही तू 'कवळीवाल्याला क्षितिज काय कळणार' असं म्हणाल्यावर.

समोरचं तुझं घर तू भाड्याने देणार, मुलीकडेच कायमचा राहणार, असं ताईकडून कळलं. राहा. तुझ्या दाराकडे बघत बसायला मला वेळ नाही. मला फक्त डोलारा हवा आहे.

ती आली. पाणी थोडंच मिळालं आहे.

ता. क. मी ताई. अंगठा सुटला. जहाजावर त्याचा ठसा उमटलाय, तो आता घासून काढतायत. 'मला फक्त डोलारा हवा आहे' हे यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. म्हटलं, पत्राला ऐकू येत नाही. आपले बाबा ठीक आहेत. तुझी वाट बघतो असं म्हणत नाहीत. जेवताना तुझी खुर्ची मात्र कोणाला हलवू देत नाहीत.


१९ मार्च

तुझं कार्ड ताईच्या नावाने आलं. माझ्या वाट्याला एक ओळ: 'भाऊजींना सांग, अंतर वाढलं की रंग फिका होतो.' हा सिद्धांत आहे की टोमणा, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही.

डोलारा पाठवला नाहीस. नको पाठवूस. मी स्वतः केला. कवळीचं सामान माझ्या टेबलावर पडलेलंच असतं. हिरडीच्या प्लास्टिकमध्ये धुराडी ओतली, सुकाणूची खोली ओतली. मापात चोख. सध्या गुलाबी आहेत, पण रंग तर द्यायचाच आहे. ताई म्हणते, जहाजाला हिरड्या आल्या. तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

रंगाचा निकाल लावायला थेट बाबांकडे गेलो. हे लढाऊ जहाज त्यांचं. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं त्यावर गेली. तू नावापुरता कप्तान. तुला नदी ओलांडतानाही मळमळतं. त्यांच्याहून मोठा साक्षीदार कुठून आणणार? विचारलं, बाबा, जहाज गडद होतं की फिकं? त्यांनी नीट विचार केला आणि गडद असं सांगितलं. सासऱ्याने जावयाच्या बाजूने कौल दिला. मी तुला चिडवत नाही. फक्त कळवतो.

तुझ्या घराचं म्हणशील, तर दलाल दोघांना दाखवून गेला. पहिलं जोडपं सभ्य होतं. शेजारधर्म म्हणून मी त्यांना थिनरच्या वासाची कल्पना दिली. दुसरे गृहस्थ ट्रंपेट शिकवतात. तेही पुन्हा आले नाहीत. लोकांचं काही सांगता येत नाही.

ता. क. बाबा काय म्हणाले ते ऐक. 'मी आगवाला. खाली बॉयलरपाशी. पहाटे अंधारात आत शिरायचो, सुट्टी लागली की धावत सुटायचो. आत गडद होतं. बाहेरून जहाज न्याहाळायला मी काय पाहुणा होतो?' त्यातला 'गडद' तेवढा घेऊन हे पळाले. आणि ट्रंपेटवाल्यांना यांनी सांगितलं की समोरच एक तापट म्हातारा राहतो, त्याला आवाज खपत नाही. त्यांनी विचारलं, कोण तो? हे म्हणाले, मी. — ताई


२ एप्रिल

दलालाने आता एक शिंपी आणला आहे. त्याला थिनरचा वास आवडला. खोल श्वास घेऊन म्हणाला, कामाची जागा वाटते. तापट म्हाताऱ्याबद्दल सांगितलं तर म्हणाला, त्याचे वडीलही तसेच आहेत. महिनाअखेर तू त्याला पक्कं कळवणार आहेस असं दलाल म्हणतो. कळव. तुझं घर, तुझा शिंपी.

त्याच्या आत एक गोष्ट उरकून टाकू. मी हट्ट सोडला असं समजू नकोस, पण पडताळून बघायला काय जातं? सोबत सात दात आहेत. पटाशीचे घेतले आहेत, वरचे, रुंद. सुळ्यावर रंग नीट कळत नाही. एक नंबर माझी राखाडी, तिच्यात पांढऱ्याचा थेंब नाही. पुढे प्रत्येक दाताला पांढरा वाढवत नेला आहे. सात नंबर म्हणजे तू ओतलास तो अत्याचार. नंबर मागे कोरले आहेत. दुपारच्या उजेडात खिडकीशी धरून बघ, दिव्याखाली नको. पसंत पडेल तो ठेवून घे, बाकीचे परत पाठव. मग मी त्या रंगाने धड रंगवीन आणि तू त्याच रंगाने डोलारा रंगव.

इतक्या वर्षांत मी कोणाला रंग निवडू दिलेला नाही. गिऱ्हाइकांनासुद्धा नाही. तोंड त्यांचं असतं, तरी.

ता. क. पार्सल टाकायला मी गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, आत काय? म्हटलं, दात. कोणाचे? म्हटलं, जहाजाचे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता 'किरकोळ वस्तू' असं लिहिलं. तुझ्या मुलीला आधीच सांगून ठेव, नाहीतर उघडून किंचाळायची. — ताई


१७ एप्रिल

दात मिळाले. चिठ्ठी नव्हती. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं.

टेबलावर ओळीने मांडले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. डबी झटकली. कापूस पिंजून पाहिला. चार नाही. पुन्हा मांडले. मग खुर्चीत बसलो.

चार, कप्तान. बरोबर मधला. माझाही नाही आणि तुझाही नाही. एक अक्षर न लिहिता तू अर्धा समुद्र सोडून दिलास. मी तुझ्या जागी असतो तर निदान एक टोमणा घातला असता. हे मला जमलं नसतं. आणि खरं सांगायचं तर चार नंबर वाईट नाही. ढगाळ दिवशी लांबून येणाऱ्या जहाजाचा रंग आहे. लांबून, हे तुझं. जहाजाचा, हे माझं.

त्याच दिवशी चार नंबर कालवला आणि धड रंगवून काढलं. अस्तरापासून. दोन हात दिले. हिरडीचा डोलारा ताईने कुंडीत रोवला आहे. कुंडीत तो शोभतो.

शिंप्याचं काय ठरवलंस? मला त्याचं काही नाही. एवढंच की त्याचं मशीन सुरू झालं की माझं टेबल थरथरणार, आणि शिड्या बसवताना टेबल थरथरून चालत नाही. तू समोर राहत होतास तेव्हा फक्त तुझं तोंड चालायचं. त्याने टेबल हलत नसे.

ता. क. 'मला त्याचं काही नाही' एवढं लिहून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबांनी विचारलं, जावयांना काय झालं? म्हटलं, चार नंबर आला. म्हणाले, या वयात कसल्या परीक्षा देतात? — ताई


२४ एप्रिल

तुझं कार्ड आलं. 'गुरुवारी येतो. घराचं बघायचं आहे.'

पहिलं वाक्य वाचून मी ताईला हाक मारली. दुसरं वाचून ती म्हणाली, म्हणजे? घराचं बघायचं म्हणजे शिंप्याच्या हातात किल्ली ठेवायची की घर झाडून स्वतः राहायचं, हे तू लिहिलं नाहीस. कार्डावर जागा होती. अर्धं कार्ड कोरं आहे.

हे लिहायला वेगळं कारण आहे. आज दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात. त्यांची वरची कवळी मी मेणावर मांडून दिली होती. पक्की करण्याआधी एकदा तोंडात बसवून बघतात, तशी. डॉक्टरांनी ती बसवली आणि बाईंच्या हातात आरसा दिला. बाई हसून बघतात तो पुढच्या दातांत एक राखाडी. डॉक्टरांना म्हणाल्या, 'हा कशाची शिक्षा म्हणून आहे?' डॉक्टर मला फोनवर म्हणाले, 'अहो, तुमचा एक दात युद्धावर निघालाय. तेवढा परत बोलवा.'

मागे चार नंबर कोरलेला आहे. मी डॉक्टरांकडून फोनवरच वाचून घेतला.

माझं टेबल एकच आहे. त्याच्या एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जहाज. मधली रेघ कधीतरी पुसली गेली असणार.

म्हणजे चार नंबर तुझ्याकडे कधी आलाच नव्हता. सात लिहिले आणि सहा भरले. तू सहा पाहिलेस आणि सहाच्या सहा परत केलेस. माझा एकही रंग तुला पसंत नव्हता, आणि तेवढं सांगायला तुला चिठ्ठीची गरज वाटली नाही. त्यावर मी तुझे आभार मानले. अर्धा समुद्र वगैरे लिहिलं. ते पत्र तू मुलीला वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे.

मग तू येतोस कशाला? मला एकच उत्तर सुचतं, ते म्हणजे किल्ली.

तरीही हे कळून ये. मी न झालेल्या तहावर तुला घरी बोलावणार नाही. धड चार नंबरने रंगवून झालं आहे, ते आता तसंच राहील. डोलारा आणायचा की नाही ते तू ठरव.

ता. क. हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. तू आलास, हातपाय धुतलेस, पोटभर जेवलास, की मग तुझ्या हातात देईन. उपाशी माणसाला खरं सांगू नये. यांना वाटतंय पत्र गेलं. वाटू दे. — ताई


२९ एप्रिल, गुरुवार

चि. मुली,

आतोबांचा आशीर्वाद. वडील पोचल्याचं कळवा असं तू आत्याला म्हणाली होतीस. ते स्वतः कळवणार नाहीत, म्हणून मी कळवतो. पोचले.

दुपारी आले. काखेत बुटांचं खोकं, पाठीवर पिशवी. मी दारात उभा होतो. माझं पत्र वाचून आले असतील अशा समजुतीने मी तोंड गंभीर ठेवलं होतं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "भाऊजी, मानलं तुम्हाला."

"कशाबद्दल?"

"सात पाठवतो म्हणायचं, सहाच पाठवायचे, आणि मग मी मधला ठेवून घेतला म्हणून माझे आभार मानायचे! तह तुम्हीच लिहिलात आणि खाली सही माझी ठोकलीत. एवढं धोरण तुमच्यात असेल असं जन्मात वाटलं नव्हतं."

मी तुझ्या आत्याकडे पाहिलं. पत्र गेलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं.

"आधी सगळ्यांनी हात धुवा," ती म्हणाली.

जेवणभर ते माझी तारीफ करत होते. मला ते ऐकवेना आणि थांबवताही येईना. मी पाणी पीत राहिलो. म्हणाले, "तुमचं ते पत्र आलं तेव्हा मी सहा दात डोळ्यांसमोर आणले. सहाच होते. मग उमगलं. म्हटलं, हा माणूस झुकतोय, आणि झुकताना मला कमीपणा वाटू नये म्हणून केवढा खटाटोप करतोय. अशा माणसासमोर आपण किती ताणायचं?"

"आणि घराचं?" मी विचारलं.

"घराचं बघू," म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतलं.

ताटं उचलल्यावर आत्याने त्यांच्या हातात माझं पत्र ठेवलं. ते उभ्यानेच वाचायला लागले. मुख्याध्यापिकेपाशी आल्यावर खुर्ची ओढून बसले. शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली.

"म्हणजे धोरण नव्हतं."

"नव्हतं."

"वेंधळेपणा होता."

"होता."

"तरीच. मला वाटलंच होतं, हे तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे." मग पत्र खिशात घातलं. मी खोक्याकडे बघत होतो. ते अजून उघडलेलं नव्हतं. "दात कुठाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी तो पाकिटात घालून परत पाठवला होता. मी दिला. त्यांनी जहाज खिडकीशी नेलं, दात त्याच्या कडेला धरला आणि एक डोळा मिटला. मी बाजूला उभा. लोक पहिल्यांदा कवळी घालून आरशात बघतात तेव्हा मी कधीच समोर नसतो. का नसतो ते आज कळलं.

"गडद आहे," ते म्हणाले.

"मधला आहे. बरोबर मधला."

"मधला म्हणजे बरोबर, असं कोणी सांगितलं तुम्हाला? जहाज साडेतीनशेपट लांब आहे असं धरा—"

"लांब नाही, लहान!"

"तेच ते!"

"तेच ते कसं? लहान तोंडाच्या माणसाला मी—"

"तुमच्या तोंडांचं मला सांगू नका! बाईंच्या तोंडात आरमार उतरवणारा माणूस मला रंग शिकवणार?"

"एका दाताला आरमार म्हणायला नकाशावालाच लागतो!"

पुढचं तुला लिहीत नाही. आत्या भांडी घेऊन आत गेली. शेजारणीने आपली खिडकी लावून घेतली. मग तुझे वडील ताडकन उठले, पिशवी उचलली, बाहेर गेले. दार इतक्या जोरात आपटलं की टेबलावरचे ब्रश गडगडले.

मी तिथेच उभा राहिलो. संपलं असं वाटलं. तोंडाशी आलेला घास मी एका दातापायी घालवला.

तुझे आजोबा आतल्या खोलीत लवकर जेवून आडवे झाले होते. त्यांना तुझे वडील आल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. उठल्यावर सांगू असं ठरलं होतं. आतून त्यांचा आवाज आला.

"आला वाटतं पोरगा."

"आला होता, बाबा," मी म्हणालो. "गेला."

"कुठे गेला? समोरचं दार वाजलं. मी आयुष्यभर कानावर काम केलंय. बॉयलरच्या आवाजात मला हाका ऐकू यायच्या."

मी आमचं दार उघडून पाहिलं. जिना मोकळा होता. समोरच्या दाराला आतून कडी लागत होती. ती कडी गंजली आहे, एका झटक्यात बसत नाही. ते आत तिच्याशी झटापट करत होते आणि मला उद्देशून काहीतरी बोलत होते. टेबलावर बुटांचं खोकं तसंच राहिलं होतं. मी त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी शिंपी विचारायला आला. तुझ्या वडिलांनी दार थोडंसं उघडून त्याला सांगितलं की घर देता येत नाही, शेजार फार वाईट आहे. हे मी आमच्या दाराआडून ऐकलं. शिंपी माणूस चांगला वाटला. जाताना मला नमस्कार करून गेला.

तेव्हा त्यांचे गरम कपडे, भिंग आणि टेबलावरचा दिवा पाठवून दे. दिवा नीट गुंडाळ. तुझी खोली त्यांना आवडली नाही असं नाही. रोज फोन करतील असं म्हणतात. करतीलच असं नाही.

पत्र सकाळी टाकतो.

तुझे आतोबा


३० एप्रिल, सकाळ

तुझे वडील दार न वाजवता आले. आजोबांपाशी जाऊन बसले, चहा तिथेच घेतला. मग टेबलापाशी येऊन म्हणाले, मागचा तोफेचा मनोरा उलटा बसलाय. पाहिलं. उलटा होता. दोघांनी मिळून काढला. त्यात एक तोफ मोडली.